एक्सप्लेनर: जुनं, भरवशाचं ब्राउझर एक्स्टेंशन अचानक धोकादायक कसं होतं?

२५ डिसेंबर २०२४. ‘सायबरहेवन’ या अमेरिकी कंपनीच्या क्रोम एक्स्टेंशनचं नवं अपडेट आलं. हे एक्स्टेंशन वापरणारे जवळपास ४ लाख लोक होते. त्या वेळी ज्यांचं क्रोम सुरू होतं, त्यांच्याकडे ते आपोआप इन्स्टॉल होऊ लागलं. पण ते कंपनीने नव्हे, हॅकर्सनी पाठवलं होतं. विशेष म्हणजे, लोकांचा डेटा चोरीला जाऊ नये हे पाहणं, हेच या कंपनीचं काम आहे.

हल्ला कसा झाला?

आदल्या दिवशी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला ईमेल आला. तुमच्या एक्स्टेंशनने नियम मोडले आहेत, ते स्टोअरमधून काढलं जाईल, असा त्यातला सूर होता. लिंकवर क्लिक केल्यावर गूगलचंच खरं परवानगीचं पान उघडलं. तिथे ‘परवानगी द्या’ म्हणताच हॅकर्सना एक्स्टेंशनची नवी आवृत्ती टाकण्याचा अधिकार मिळाला. पासवर्ड चोरावाच लागला नाही, त्यामुळे टू-स्टेप व्हेरिफिकेशनही उपयोगी पडलं नाही. ही बनावट आवृत्ती स्टोअरच्या तपासणीतूनही पार पडली. त्याच सुमारास इतरही अनेक एक्स्टेंशन अशाच प्रकारे बाधित झाल्याचं समोर आलं.

त्यांना काय हवं होतं?

कंपनीच्या माहितीनुसार, मुख्य लक्ष्य होतं फेसबुकवर जाहिराती देणाऱ्यांची खाती. आपण लॉग-इन केलं की वेबसाइट ब्राउझरमध्ये ‘कुकी’ ठेवते. कार्यक्रमाच्या गेटवर हातावर मारतात त्या शिक्क्यासारखी ही कुकी काम करते. शिक्का असला की पुन्हा तिकीट विचारत नाहीत. हा शिक्काच चोरला, तर पासवर्ड न टाकता खात्यात शिरता येतं. जाहिरातीच्या खात्याला अनेकदा कार्ड जोडलेलं असतं, म्हणजे थेट पैशांचा प्रश्न.

मालक बदलला तर?

दरवेळी हॅकिंगच होतं असं नाही. काही वेळा एक्स्टेंशन चक्क विकलं जातं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ २० लाखांहून जास्त लोक वापरत होते. २०२० मध्ये ते नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून काढून टाकलं. जाहिराती रोखणारं ‘नॅनो अ‍ॅडब्लॉकर’ही २०२० मध्येच विकलं गेलं. त्यानंतर काही जणांच्या इन्स्टाग्राम खात्यावरून आपोआप लाइक जाऊ लागले.

अशा वेळी नाव तेच राहतं. जुने रिव्ह्यू आणि स्टारही तसेच दिसतात. एक्स्टेंशनने नवी, जास्तीची परवानगी मागितली तर क्रोम ते थांबवून आपल्याला विचारतं. पण ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी आपण पहिल्याच दिवशी दिलेली असेल, तर नव्या मालकाला वेगळं काही मागावंच लागत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

मोबाइलवरच्या नेहमीच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत. त्यामुळे लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर तपासा.

• वरच्या कोपऱ्यातल्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हावर क्लिक करून यादी पाहा. जे वापरत नाही, ते काढून टाका.
• उरलेल्यांना सगळ्या साइटऐवजी ‘क्लिक केल्यावरच’ किंवा ‘ठरावीक साइटवरच’ परवानगी द्या. ही सोय क्रोममध्येच आहे.
• नवं घेताना मागितलेली परवानगी कामाशी जुळते का, हे पाहा. स्क्रीनशॉट काढणाऱ्या एक्स्टेंशनला तुमच्या प्रत्येक साइटवर कायमची नजर कशाला हवी?
• स्टार कमी-जास्त किती यापेक्षा अलीकडचे रिव्ह्यू वाचा. गडबड झाली तर तक्रारी तिथेच आधी दिसतात.
• बँकेची कामं आणि बिझनेस पेज यांसाठी एकही एक्स्टेंशन नसलेली वेगळी क्रोम प्रोफाइल ठेवा.

संशयास्पद एक्स्टेंशन नुसतं काढून भागत नाही, कारण चोरलेला शिक्का त्यानंतरही चालू शकतो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून लॉग-आउट करा आणि मग पासवर्ड बदला.