गॅलरीतली गोष्ट टपरीवर

परवा टीम लंचला एकाने नेहमीचा शहाणपणाचा सल्ला दिला. "ऑफिसात मैत्री करूच नये रे. काम करावं, घरी जावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि बिल येईपर्यंत तेच सगळे शनिवारी कर्जतला ट्रेकला जायचं ठरवत बसले!

मला हा सल्ला पटत नाही. बोरिवलीहून सकाळी सव्वाआठला निघून रात्री नऊला परतणारा माणूस मैत्री करणार तरी कुठे? शेजारी लिफ्टमध्ये दिसतात तेवढेच. शाळेतले मित्र व्हॉट्सॅपवर 'गुड मॉर्निंग'पुरते उरलेत. तेव्हा ऑफिसात मैत्री होणार, व्हावीच. माझं म्हणणं वेगळंच आहे. एका जागी कळलेली गोष्ट दुसऱ्या जागी न्यायची नाही, बस्स. हे मी अक्कलखाती जमा करून शिकलोय.

तर झालं असं. टीममध्ये माझा एक दोस्त आहे. नाव नको, मुलुंडला राहतो म्हणून मुलुंडकर म्हणूया. तो घाटकोपरला मेट्रो पकडून मरोळला येतो, मी अंधेरीहून येतो. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेलो. काकूंनी आग्रह करकरून उकडीचे मोदक वाढले, वर तुपाची धार. आरतीनंतर गॅलरीत तो हळूच म्हणाला, "पुण्याच्या एका कंपनीत दोन राउंड झालेत. हिची बदली होतेय तिकडे. नक्की काहीच नाहीये, कोणाला बोलू नकोस." नाही बोलणार म्हणालो. मनापासून म्हणालो.

दोनेक आठवड्यांनी मॅनेजरने मला चहाला खाली नेलं. केबिनमध्ये नाही हं, टपरीवर. दोन कटिंग सांगितल्या आणि म्हणाला, "तीन महिन्यांचं ऑनसाइट आलंय. मुलुंडकरला पाठवायचं म्हणतोय. टिकेल ना रे तो? तू त्याचा दोस्त, तुला माहीत असणार."

मी ग्लासाकडे बघत बसलो. 'टिकेल' म्हणणं खोटं, 'माहीत नाही' म्हणणंही खोटं. शेवटी म्हणालो, "त्याच्या घरी पुण्याचं काहीतरी चाललंय वाटतं."

एवढंच. एकच वाक्य.

ऑनसाइट मला मिळालं. वहिनींची बदली पुढे रद्द झाली आणि मुलुंडकर काही पुण्याला गेला नाही.

बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की आपण प्रामाणिकपणे वागलो. प्रोजेक्टचं हित वगैरे. थापा! "तू त्यालाच विचार ना" हे उत्तर होतंच की. त्यात खोटंही नव्हतं आणि चुगलीही नव्हती. पण ते सुचलं नाही, कारण मॅनेजर दोस्तासारखं विचारत होता. मी दोस्तासारखं उत्तर दिलं, आणि निर्णय मात्र मॅनेजरने घेतला. टपरीवर हुद्दा बाजूला काढून ठेवता येतो असं दोघांनाही वाटत असतं. लिफ्टने वर गेलं की तो एकालाच परत मिळतो.

साहेब आणि सोबती एकाच माणसात असण्याची ही सोय मुंबईला जुनीच आहे. आज काचेच्या बिल्डिंगी आहेत, तेव्हा गिरण्या होत्या. गिरणीत जॉबर असायचा. गावाकडच्या पोराला कामावर चिकटवायचा तोच, काढायचा तोच, अडीनडीला उसने पैसे द्यायचा तोच. पुष्कळदा गावचा, नाहीतर नात्यातला. त्याच्याशिवाय नव्या माणसाला मुंबईत पाय ठेवणं कठीण होतं, हेही खरं. पण तुमच्या घरचं कर्ज ज्याला ठाऊक, तुमची नोकरीही त्याच्याच हातात! वर त्याला दस्तुरी द्यायची ती वेगळीच. १९३१च्या कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालात या पद्धतीवर टीका झाली होती. आमचे 'टीम म्हणजे फॅमिली'वाले मॅनेजर दस्तुरी घेत नाहीत एवढंच :)

हल्ली 'राइट टू डिसकनेक्ट'चं बोललं जातं. फ्रान्समध्ये २०१७पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. कायदा हवाच. पण तो रात्री साडेदहाच्या फोनपासून वाचवेल, टपरीवरच्या कटिंगपासून नाही.

याउलट माझा गाडीतला ग्रुप. दसऱ्याआधी डब्याला तोरणं बांधतात, कोणाची मुलगी पास झाली की पेढे वाटतात, चौथ्या सीटवर एकमेकांना टेकून झोपतात. कोणाचा पगार किती, कोणी विचारत नाही. कोण कुठल्या कंपनीत, हे निम्म्यांना ठाऊक नाही. लोक म्हणतात ही वरवरची मैत्री. असेलही. पण तिथे मी साहेबांना बिनधास्त शिव्या घालतो, कारण मी अंधेरीला उतरलो की ते सगळं गाडीबरोबर चर्चगेटला निघून जातं. माझ्या अप्रेझलवर त्यांच्यापैकी कोणाचीच सही नसते.

आता माझ्या हाताखाली तीन पोरं आहेत. त्यांच्याबरोबर टपरीवर जातो, क्रिकेटवर भांडतो. "लग्न कधी?", "दुसरीकडे बघतोयस का?" हे मात्र विचारत नाही. एकाच्या मनात सोडून जायचं आहे असा मला संशय आहे. असू दे. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल.

ऑनसाइटहून आल्यावर मी मुलुंडकरला सगळं खरं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मला वाटलंच होतं." पुढे काहीच नाही. गेल्या गणपतीचं आमंत्रण टीमच्या ग्रुपवर आलं, सगळ्यांना एकत्र. गेलो. काकूंनी तसाच आग्रह केला, मोदकही तसेच होते. आरती झाल्यावर आम्ही गॅलरीत उभे राहिलो आणि पावसाबद्दल बोललो.