विश्लेषण : रोहिणखेडच्या भूजलाचे गणित आधी विहिरीत, मग संगणकावर!

आणखी एक बोअर घ्यायची का, रब्बीत गहू पेरायचा की हरभऱ्यावर भागवायचे, हे निर्णय मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावांत अजूनही अंदाजाने होतात. अंदाज चुकला तर विहीर तळ गाठते, कर्ज मात्र राहते. भूजलाचे मॉडेल ही जोखीम कमी करू शकते. पण ते बांधण्याचा क्रम उलटा झाला, तर हाती फक्त रंगीत नकाशे उरतील.

मॉडेल म्हणजे काय?

अटल भूजल योजनेत राज्यातील १३ जिल्हे होते, त्यात बुलढाणाही होता. त्यातून गावाचा पाण्याचा ताळेबंद हा शब्द रुळला. वर्षभरात किती पाणी आले आणि किती गेले, हे ताळेबंद सांगतो. मॉडेल त्यापुढे जाते : पाऊस कमी झाला किंवा बोअर वाढल्या, तर कोणत्या शिवारातील पातळी कधी आणि किती खाली जाईल? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे ‘मॉडफ्लो’ हे त्यासाठीचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. म्हणजे अडचण सॉफ्टवेअरची नाही.

सुरुवात कुठून करायची?

प्रश्नापासून. ‘भूजलाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘मार्चनंतर पिण्याच्या विहिरीत पाणी राहण्यासाठी रब्बीत किती उपसा चालेल?’ हा प्रश्न आहे. त्यानंतर हद्द ठरवावी. पाणी तालुक्याची सीमा ओळखत नाही, म्हणून पाणलोट धरावा. घाटाखालच्या या गावाला दक्षिणेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगेची धार ही नैसर्गिक हद्द मिळते.

दुसऱ्या गावाचे आकडे का चालत नाहीत?

इथला खडक बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. मुरूम आणि भेगाळलेल्या थरात पाणी साठते, अखंड पाषाणात जवळपास नाही. भूजल मूल्यांकनात भेगाळलेल्या बेसॉल्टची पाणी सोडण्याची क्षमता साधारण २ टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टरखाली पातळी एक मीटर उतरली, तर सुमारे २०० घनमीटर पाणी मिळते. त्याच हेक्टरला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायला ६०० घनमीटर लागते. बाजूने पाणी आले नाही, तर एका पाळीत पातळी तीन मीटर खाली! पूर्णाकाठच्या गाळाच्या जमिनीत हे गणित पूर्ण वेगळे. तिथले आकडे इथे चिकटवले, तर मॉडेल खोटी उमेद देईल.

मॉडेलवर विश्वास कधी ठेवायचा?

एका वर्षाच्या मोजलेल्या पातळ्या वापरून मॉडेल जुळवायचे आणि पुढच्या वर्षाच्या पातळ्या त्याला न दाखवता ओळखायला लावायच्या. तिथे ते नापास झाले, तर पुन्हा बांधायचे. उत्तरही एका आकड्यात नको, ‘इतके ते इतके’ असे हवे.

मग गावाने काय करावे?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. तालुक्याच्या चित्रासाठी ते उपयोगी आहे, एका गावासाठी अपुरे. ग्रामसभेने डोंगरपायथ्यापासून नाल्यापर्यंत बारा-पंधरा विहिरी निवडाव्यात. दर पंधरा दिवसांनी एकाच दिवशी, पंप बंद असताना, टेपने पातळी मोजावी. पर्जन्यमापक बसवावा, पंपाचे तास लिहावेत. अशी दोन वर्षांची वही तयार झाल्यावरच तज्ज्ञांना बोलवावे.

‘मोजले की निर्बंध येतील’ ही भीती बोलून दाखवली जाते. ती अगदीच निराधार नाही, २००९ च्या भूजल कायद्यात उपशावर नियंत्रणाची तरतूद आहेच. पण नोंदच नसेल, तर नियंत्रण बाहेरच्या आकड्यांवर होईल. वही ग्रामसभेकडे असेल, तर बोलणी बरोबरीने होतील.

याच तालुक्यातील सिंदखेडने श्रमदानाने जलसंधारण करून वॉटर कप स्पर्धेत नाव मिळवले. अडवलेले पाणी किती दिवस पुरते, हे सांगण्याची पाळी आता मोजणाऱ्या गावांची आहे. हिवरे बाजारने दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिके ठरवली, तेव्हा त्यांच्याकडे संगणकाचे मॉडेल नव्हते, मोजण्याची शिस्त होती. रोहिणखेडने या पावसाळ्यापूर्वी पहिली नोंद करावी. तिला खर्च टेपचा आणि एका वहीचा!