बोटाचा दोष की वायरीचा?

नोव्हेंबर जवळ आला की पेन्शनर मंडळींची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि बँकेच्या साहेबासमोर जातीने उभं राहण्याऐवजी सेवा केंद्रात बोट टेकवून काम होऊ लागलं. पीएम किसानची ई-केवायसी करायची तरी तोच स्कॅनर, तेच बोट. वडखळ, धरमतर, पुलापलीकडे पोयनाड, या पट्ट्यातल्या केंद्रांत मात्र एक वाक्य फार ऐकू येतं : ‘आजोबा, तुमचं बोट घेत नाही.’ कित्येकदा बोटाला काहीही झालेलं नसतं. लॅपटॉपला लावलेला स्कॅनर मधेच तुटतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा तुटतो. आणि ठपका बसतो म्हाताऱ्या माणसाच्या बोटावर.

बोटं झिजतात, हे मला मान्य आहे. मिठागरात, भाताच्या चिखलात, गणपतीच्या कारखान्यात उभा जन्म गेलेल्यांच्या बोटावरच्या रेषा पुसट होतात. पण झिजलेलं बोट आणि तुटलेली जोडणी यांची लक्षणं वेगळी आहेत, आणि ती ओळखायला इंजिनीअर लागत नाही. बोट नीट उमटलं नाही तर स्कॅनरचा दिवा पेटलेलाच राहतो. फक्त ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं. जोडणी तुटली तर दिवा विझतो आणि लॅपटॉपमधून ती ओळखीची ‘टुंग’ वाजते. स्कॅनर पुन्हा जागा झाला तरी त्याची ओळख पटवणारं सॉफ्टवेअर सगळं पहिल्यापासून सुरू करतं. तोवर पोर्टलची वेळ संपते आणि आधार क्रमांक टाकण्यापासून श्रीगणेशा.

गेल्या आठवड्यात एका केंद्रात मी बाकावर बसून हेच पाहत होतो. खारेपाटातले एक आजोबा धोतराच्या सोग्याला बोट पुसत होते, पोरगा ‘जरा दाबून ठेवा’ म्हणत होता. काचेखालचा लाल उजेड गेला तेव्हा त्यांचं बोट काचेवरच होतं. ‘अरे, माजा बोट काय खराब झाला का?’ त्यांनी विचारलं. टेबलाच्या कडेला वायर दुमडली होती. ती सरळ धरली की दिवा यायचा, सोडली की जायचा. पोरगा कामाचा होता, पण रांग दाराबाहेर गेलेली. त्याने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला घेतला. वायर तशीच लोंबत राहिली.

या सदरात मी नेहमी सांगतो की दुरुस्ती स्वस्तातल्या गोष्टीपासून सुरू करावी, आणि यूएसबीच्या बाबतीत तर ते अगदी खरं आहे. साध्या यूएसबी २.० वायरीत चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. विजेच्या तारांतून ५ व्होल्ट येतात आणि पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देईल असं मानक आहे. वायर बारीक आणि दोन मीटर लांब असेल तर एवढा प्रवाह ओढताना जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. स्कॅनर काच उजळायला जातो, नेमका तेव्हाच दाब खाली येतो आणि तो बंद पडतो. म्हणून आधी आखूड, जाड वायर लावून पाहावी. स्कॅनरची वायर आतूनच बसवलेली असेल तर निदान ती लांबवायला जोडलेला तुकडा काढावा.

मग हब. एका पोर्टात चार तोंडांचा हब, त्यावर स्कॅनर, कॅमेरा, माऊस, प्रिंटर. हबला स्वतःचा ॲडाप्टर नसेल तर हे सगळे मिळून एकाच पोर्टाचे ५०० मिलिअँपिअर वाटून घेतात. कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला जे पाणी येतं, तेच इथे स्कॅनरच्या वाट्याला येतं. ॲडाप्टरवाला हब घ्यावा, नाहीतर स्कॅनर थेट लॅपटॉपला लावावा. निळ्या जिभेचा पोर्ट साधारणपणे यूएसबी ३.० चा असतो. तो ९०० मिलिअँपिअरपर्यंत देतो. वायरलेस माऊसचा बटणाएवढा रिसीव्हर मात्र त्याच्या शेजारी खोचू नये. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मांडलं होतं. माऊस अडखळण्याचं कारण अनेकदा तेवढंच असतं.

पोर्टालाही आयुष्य असतं. नेहमीच्या चपट्या यूएसबी पोर्टाने निदान १,५०० वेळा खोचणं-काढणं सोसावं, असं मानक सांगतं. रोज पाच वेळा काढघाल केली तर हा आकडा ३०० दिवसांत गाठला जातो. मग आतल्या पत्र्यांचा ताण जातो आणि पिन हलू लागते. त्यात आपली हवा. धरमतरच्या खाडीवरून येणारा खारा दमट वारा चार महिने सगळ्यावर बसतो, आणि स्वस्त पिनांवरचा मुलामा विरला की खालचा धातू काळवंडतो. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत ऑर्डरी लिहायला ठेवलेल्या लॅपटॉपच्या पोर्टात तर मूर्तींची पांढरी धूळ दाबून बसलेली दिसते. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश जेमतेम ओला करून हलक्या हाताने फिरवावा आणि पूर्ण वाळू द्यावं. सुई किंवा केसांची पिन आत घालू नये. पत्रा वाकला की पोर्ट गेलाच.

सगळ्यात जास्त हयगय होते ती अर्थिंगची. लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिन मोडलेली असते, किंवा सॉकेटमागे अर्थची तार पोहोचलेलीच नसते. मग लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर मंद पेटतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण स्कॅनर, प्रिंटर आणि माणसाचं बोट या सगळ्यांतून तो वाट शोधतो आणि जोडणी अस्थिर होते. परीक्षा सोपी आहे : चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवा. तुटणं थांबलं, तर संशय चार्जरवर आणि सॉकेटवर. खाजणाच्या कडेची आपली जमीन ओली आणि खारी, म्हणजे अर्थिंगला फार चांगली. पण तीच जमीन पुरलेला लोखंडी पाइप आणि पट्टी लवकर खाते. पाच-सहा पावसाळ्यांपूर्वी केलेलं अर्थिंग आजही शाबूत असेल, असं धरून चालू नये. वायरमनकडून मोजून घ्यावं.

हे सगळं तपासल्यावर सॉफ्टवेअरकडे वळावं. विंडोज वीज वाचवण्यासाठी रिकामा दिसणारा पोर्ट झोपवून ठेवतं आणि काही स्कॅनर त्या झोपेतून नीट उठत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढावी आणि पॉवर ऑप्शन्समधलं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावं. काही वेळ रांग नसली आणि पुढच्याच माणसाला स्कॅनर सापडला नाही, तर हेच कारण पहिलं धरावं. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य सगळ्यात शेवटी यायला हवं, आणि आपल्याकडे ते सगळ्यात आधी येतं याचा मला राग येतो. सैल पिन फॉरमॅटने घट्ट होत नाही. केंद्रवाल्याचा मात्र एक अख्खा दिवस आणि पदरचे पैसे जातात. पोर्टच गेला असला, तरी पुष्कळ लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो आणि बदलता येतो. त्यासाठी नवा लॅपटॉप लागत नाही.

केंद्रवाल्या पोरांवर सगळं ढकलणं मला पटत नाही. कमिशनच्या तुटपुंज्या रकमेवर ते दुकान चालवतात. केंद्राला मंजुरी देताना आणि दर वर्षी पाहणी करताना दरफलक आणि इंटरनेटबरोबर चालू अर्थिंग, ॲडाप्टरचा हब आणि एक जादा वायर एवढं तपासलं जावं. आणि दिवा विझत असेल तर समोरच्या माणसाला ‘बोट घेत नाही’ असं सांगू नये. ‘मशीन तुटतंय, दुरुस्त करतो’ असं सांगावं. बोट खरोखरच उमटत नसेल तर जीवन प्रमाणसाठी २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला देता येतो. हा मार्ग केंद्रातल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला पाहिजे, आणि तो नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेआधी लागला पाहिजे.