जयंतीचा आवाज, जिवाची काळजी

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या जिल्ह्यात श्रीरामपूर-राहुरीपासून पाथर्डी-शेवगावपर्यंत वस्तीवस्तीत मांडव पडतात. याच दिवसांत वळवाचा वारा सुटतो. एका जयंतीला आमच्या मांडवात बांबूला सुतळीने टांगलेला स्पीकरचा खोका वाऱ्याने खाली आला. लेकरे नुकतीच पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली. चूक आम्हा कमिटीवाल्यांचीच. वर्गणीचा हिशेब पाहिला, दोरी पाहिली नाही.

आता साउंडवाल्याला आम्ही आधी विचारतो, टांगायलाच हवे का? रुंद पायाच्या भक्कम स्टँडवर भागत असेल तर तेच बरे. टांगायचाच तर ४० किलोच्या खोक्याला निदान २०० किलो पेलणारी साखळी किंवा पोलादी दोर हवा, वरचा आधारही तेवढाच पक्का हवा. शिवाय पहिला दोर तुटलाच तर खोका धरून ठेवणारा दुसरा दोर हवा. खोक्याची मूठ उचलण्यासाठी असते, टांगण्यासाठी नव्हे. विजेच्या खांबाला काहीही बांधू नये. खोका वर चढवताना खाली कुणी थांबू नये. वारा वाढला तर कार्यक्रम थांबवून माणसे दूर न्यावीत.

वर चढणारा मुलगाही कुणाचे तरी लेकरू, रोजंदारीवरचे. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेब कामगारांच्या हितासाठी झटले. त्यांच्याच जयंतीत मजुराचा जीव टांगणीला नको. यंदा कमिटीच्या पहिल्या बैठकीतच हा विषय घ्या. जयभीम!