गरजवंताच्या वाट्याला चिठ्ठी!

‘म्हाडा’च्या मुंबईतील घरांची सोडत निघाली की शासन एका गोष्टीचा अभिमान मिरवते : यंत्र कोणाचे तोंड पाहत नाही. खरे आहे. पण जे यंत्र तोंड पाहत नाही, ते तोंडावरची व्यथाही पाहत नाही, त्याचे काय?

१४ ऑगस्ट २०२३ रोजी ४ हजार ८२ घरांची सोडत झाली. अर्जदार होते सुमारे १ लाख २० हजार. वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असणारे सारे एकाच ‘अत्यल्प’ गटात. धोकादायक इमारतीत जीव मुठीत धरून राहणारी विधवा आणि वडिलांच्या प्रशस्त घरात सुखाने नांदणारा नोकरदार तरुण, दोघांची चिठ्ठी एकाच मडक्यात!

बरे, शासनाला प्राधान्य देणे ठाऊक नाही म्हणावे, तर तसेही नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, सैनिक यांचे आरक्षण रास्तच आहे. पण त्याच सोडतीत आजी-माजी आमदार-खासदारांसाठी २ टक्के, म्हाडाच्याच कर्मचाऱ्यांसाठी २ टक्के आणि आम्हा पत्रकारांसाठी अडीच टक्के घरे राखीव होती. पद आणि पेशा म्हणजे गरज, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

गरज मोजता येत नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत ती मोजली गेलीच. आधी बेघर, मग कच्च्या घराच्या खोल्या किती, ते, त्यातही कर्ता माणूस नसलेली, अपंग सदस्य असलेली, भूमिहीन मजुरांची कुटुंबे पुढे, आणि यादी ग्रामसभेसमोर! म्हाडा जन्मली त्याच १९७७ साली राजस्थानात भैरोंसिंह शेखावत यांच्या सरकारने गावोगावची पाच सर्वांत गरीब कुटुंबे निवडून अंत्योदय योजना आरंभिली होती. जे खेड्याला साधले, ते महानगराला का साधू नये?

सोडतीने वशिल्याला आळा बसतो, हे मान्य. म्हणून सोडत मोडू नये. तिची जागा बदलावी. आधी गरजेचे जाहीर निकष, प्रभागात उघड यादी, तिच्यावर हरकती. त्यानंतर समान गरजेच्या अर्जदारांमध्येच चिठ्ठी. पद-पेशाचे राखीव वाटे रद्द व्हावेत आणि त्याचा आरंभ आम्ही पत्रकारांनी आपले अडीच टक्के सोडून करावा.

नशीब आजमावायला बाजार पुरेसा आहे. शासनाच्या दारी तरी गरिबाला नशिबाचा कौल लावावा लागू नये!