ल्यूथरची खोली आणि फ्रिट्झ एर्बेचा बुरूज

दर १४ एप्रिलला आपल्याच ग्रुपवर एक पोस्ट फिरते : 'बाबासाहेब म्हणजे भारताचे मार्टिन ल्यूथर.' कॉलेजात असताना आम्हीही हे वाक्य भाषणात ठोकले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. आज आमचा या तुलनेला विरोध आहे. का, ते जर्मनीतला एक किल्लाच सांगतो.

आयझेनाख शहराजवळच्या डोंगरावर वार्टबुर्ग उभा आहे. त्याची स्थापना परंपरेने १०६७ सालची मानतात. पुढे पडझड झालेला हा गड १९व्या शतकात नव्याने बांधून सजवला गेला. आज तो संग्रहालय आहे, १९९९ पासून जागतिक वारसास्थळही. तिथे गर्दी असते ती एका साध्या लाकडी खोलीकडे. पोपने बहिष्कृत केलेला ल्यूथर मे १५२१ ते मार्च १५२२ या गडावर नाव आणि वेष बदलून राहिला आणि अवघ्या काही आठवड्यांत त्याने 'नवा करार' जर्मन भाषेत आणला. सैतानाला दौत फेकून मारल्याचा शाईचा डाग म्हणे भिंतीवर होता. लोक तो खरवडून नेत आणि रखवालदार पुन्हा रंगवत! भक्त सगळीकडे सारखेच.

ल्यूथरचे काम लहान नव्हते. धार्मिक सुधारणेने युरोपातल्या राजकीय मुक्तीची वाट मोकळी केली, हे खुद्द बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. पण लोकांच्या हाती ग्रंथ आला आणि १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी त्याच ग्रंथाचा आधार घेऊन विचारले, मग आम्ही वेठबिगार का? तेव्हा ल्यूथरने बंडखोर शेतकऱ्यांना ठार मारा, असे राजांना लिहून कळवले. हजारोंची कत्तल झाली.

आता त्याच गडाच्या दक्षिण बुरुजाकडे या. खाली अंधारकोठडी आहे, कैद्याला वरच्या भोकातून आत सोडत. फ्रिट्झ एर्बे नावाचा साधा शेतकरी इथे १५४० पासून होता. त्याचा गुन्हा काय? जन्मलेल्या बाळाला धर्म कळत नाही, म्हणून त्याने आपल्या मुलाचा बाप्तिस्मा करायला नकार दिला. धर्म माणसाने समजून-उमजून स्वीकारावा, एवढेच या पंथाचे म्हणणे. सॅक्सनीच्या राजाला त्याचा मृत्युदंड हवा होता, हेसेचा फिलिप तयार झाला नाही, म्हणून जन्मठेप. अशा लोकांना देहदंड योग्य आहे, असे सांगणाऱ्या १५३६ च्या निवेदनावर ल्यूथरची सही आहे. १५४८ मध्ये एर्बे त्याच कोठडीत मेला. भिंतीवर कोरलेले त्याचे नाव १९२५ मध्ये सापडले.

आम्हाला विचाराल तर आपले नाते या बुरुजाशी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी समजून-उमजून धर्म बदलला. कुठल्या साहेबाची परवानगी घेतली होती? आणि एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या गृहविभागाने परिपत्रक काढले की, हिंदू धर्मातून बौद्ध व्हायचे तर २००३ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. त्या कायद्याचे नाव धर्मस्वातंत्र्य कायदा!

तिथल्या आपल्या बांधवांना आज ल्यूथरच्या पोस्टी नकोत, वकील हवे आहेत. जे वकिली करतात त्यांनी या अर्जांच्या कामासाठी वेळ काढावा.

जय भीम!