वाहते पाणी, पाक पाणी, पिण्याचे पाणी

सातवीच्या वर्गात पाण्यातून पसरणारे आजार शिकवत होतो. ‘नदीचे पाणी उकळून प्यावे’ असे फळ्यावर लिहिले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “सर, आमची नानी म्हणते, वाहतं पाणी पाक असतं. मग उकळायचं कशाला?” वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. प्रश्न खरा होता आणि तो पुष्कळ घरांतला आहे.

नानीचे म्हणणे चूक नाही. नापाकीमुळे रंग, वास किंवा चव बदलली नसेल तर वाहते पाणी वजूसाठी पाक मानले जाते. अडचण एवढीच, की कॉलऱ्याचा जंतू या तिन्हींतले काहीच बदलत नाही.

नदीचे पाणी या जंतूला मारते की पोसते? दोन्ही करते. 1896 मध्ये आग्र्यात काम करणारे शास्त्रज्ञ हँकिन यांनी दाखवले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात टाकलेले कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात. पुढे 1917 मध्ये फेलिक्स द हेरेल यांनी जंतूंना मारणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ असे नाव दिले. गंगेतली करामत त्यांचीच असावी, असे पुष्कळांना वाटते. बंगालमध्ये कॉलऱ्याची साथ ओसरताना पाण्यात असे विषाणू वाढलेले आढळले आहेत.

पण तोवर साथ घराघरांत जाऊन आलेली असते. शिवाय हाच जंतू नदीच्या मुखाशी, जिथे गोडे आणि खारे पाणी मिसळते, तिथे माणसावाचूनही राहतो. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक जिवांना तो चिकटून असतो. दिवस प्रतिकूल आले की निपचित पडतो. मग प्रयोगशाळेतल्या बशीत तो वाढत नाही, पण मेलेलाही नसतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची. रुग्णाच्या जुलाबातून नुकताच बाहेर पडलेला जंतू अधिक जोरदार असतो. उंदरांवरील प्रयोगांत असे थोडेच जंतू आजार द्यायला पुरले. पाण्यात काही तास काढल्यावर हा जोर उतरू लागतो. म्हणजे दूरवरून वाहत आलेल्या घाणीपेक्षा शेजारच्या घरात आजारी माणूस असताना जवळच्या घाटावरून भरलेली घागर जास्त धोक्याची ठरू शकते. रुग्णाचे कपडे नदीवर धुणे किती घातक, हे यावरून लक्षात यावे.

बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या बायकांना साधा उपाय शिकवला. जुनी सुती साडी चार वेळा दुमडून घागरीच्या तोंडावर धरायची आणि पाणी गाळून घ्यायचे. ते बारीक जीव कापडात अडकले आणि त्यांना चिकटलेले जंतूही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतला कॉलरा 48 टक्क्यांनी घटला. नवी साडी नव्हे, जुनी. धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि छिद्रे लहान होतात.

तरीही 48 म्हणजे 100 नव्हेत. मोकळे फिरणारे जंतू कापडातून निसटतात. म्हणून आधी गाळावे, मग खळखळून उकळावे. उकळल्यावर हँकिन यांना दिसलेली नदीची शक्ती जाते, पण जंतूही मरतात. मग त्या शक्तीची गरजच उरत नाही. गाळलेले कापड धुऊन उन्हात वाळवावे. उकळलेले पाणी झाकून ठेवावे, त्यात हात बुडवू नये. घरात कुणाला पाण्यासारखे जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून घालावे. ते घोटघोट पाजत दवाखाना गाठावा. कॉलऱ्यात माणूस जातो तो मुख्यतः अंगातले पाणी संपून.

त्या मुलीला आम्ही म्हणालो, “नानीला सांग, वजूचा मसला तिला ठाऊक आहे, आणि तो बरोबर आहे. पिण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे.”

दुसऱ्या दिवशी ती हसत आली. “सर, नानीनं जुनी साडी काढून ठेवलीय. म्हणाली, गाळून देते, पण उकळायचं काम तुझं.”